'नोव्हा' गाडी नावामुळे आपटली?

नवं नाव ठेवायचं म्हटलं की हा फॉरवर्ड हमखास येतो: 'नोव्हा' ही अमेरिकन गाडी लॅटिन अमेरिकेत खपलीच नाही, कारण स्पॅनिशमध्ये 'नो वा' म्हणजे 'चालत नाही'.

अर्थ बरोबर आहे, म्हणूनच गोष्ट पटते. पण उच्चार बघा. 'नोव्हा'त जोर पहिल्या अक्षरावर, 'नो वा'त 'वा'वर. 'कामगार' ऐकून आपल्याला 'काम गार' आठवतं का? शिवाय गाडी बिघडली तर स्पॅनिश माणूस सहसा 'नो फुन्सियोना' म्हणेल. आणि मेक्सिकोच्या सरकारी तेल कंपनीने तर पेट्रोललाच 'नोव्हा' नाव दिलं होतं! गाडीही १९७०च्या दशकात मेक्सिको आणि व्हेनेझुएलात व्यवस्थित विकली गेली.

पडताळायचं असेल तर ऑनलाइन शब्दकोशात दोन्ही उच्चार ऐका. मग फॉरवर्डमध्ये विक्रीचा आकडा किंवा साल शोधा. बहुधा सापडणार नाही. नाव बदलून 'कॅरिबे' केलं, असंही त्यात कधी कधी असतं. 'कॅरिबे' ही वेगळ्याच, जर्मन कंपनीची गाडी होती.

परभाषेत नाव तपासून घ्यावं, हा सल्ला मात्र चांगलाच आहे. त्याला हा दाखला लागत नाही.