थॉमसव्हिलचं चोवीस दारांचं घर

अमेरिकेच्या दक्षिणेतलं जुनं घर म्हटलं की उंच पांढऱ्या खांबांच्या कोठ्या डोळ्यांपुढे येतात. गुलामांच्या श्रमांवर, कापसाच्या पैशातून उभ्या राहिलेल्या. जॉर्जियातल्या थॉमसव्हिल या छोट्या गावातली मनोऱ्यांची, लाकडी झालरींची घरं त्यानंतरची. ती रेल्वेमुळे आली.

१८६५ला गृहयुद्ध संपलं. दक्षिण कंगाल झाली होती. थॉमसव्हिलभोवती मात्र पाइनची दाट जंगलं होती, आणि त्या झाडांच्या वासाची हवा क्षयावर गुणकारी, असं तेव्हाचे डॉक्टर सांगत. उत्तरेतली श्रीमंत मंडळी आगगाडीने हिवाळ्यात येऊ लागली. हॉटेलं निघाली, मग काहींनी स्वतःची घरंच बांधली.

तेव्हा चलती ‘क्वीन ॲन’ नावाच्या बांधकामशैलीची होती. नावातली राणी १७१४लाच वारलेली. शैली रुजवली ती इंग्लंडच्या रिचर्ड नॉर्मन शॉ यांच्यासारख्या वास्तुकारांनी. फिलाडेल्फियात १८७६ला भरलेल्या जागतिक प्रदर्शनानंतर ती अमेरिकेत पसरली. इंग्लंडमधलं विटांचं काम इथे लाकडात उतरलं, कारण वाफेच्या करवती नक्षी झरझर कापून देत. टेनेसीतल्या नॉक्सव्हिलचे जॉर्ज बार्बर तर घरांचे नकाशे टपालाने विकत. घराला वळसा घालणारा ऐसपैस व्हरांडा दक्षिणेच्या उकाड्यात फार सोयीचा. ‘व्हरांडा’ हा शब्द इंग्रजीत गेला तो हिंदुस्थानातून, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं.

या सगळ्यात माझा जीव जडतो तो लॅपम-पॅटरसन घरावर. चार्ल्स लॅपम हे शिकागोचे पादत्राणांचे व्यापारी. १८८४-८५मध्ये त्यांनी हे घर हिवाळ्यापुरतं राहायला बांधलं. भिंतींवर माशाच्या खवल्यांसारख्या फळ्या, खाली पाइनची जडावाची जमीन. खिडक्या-दारांत चौकोनी असं काही नाही, सगळं मुद्दाम तिरकं. धुराडं मध्येच दुभंगतं आणि त्या फटीतून जिना वर जातो! बाहेर पडायला दारं चोवीस. १८७१च्या शिकागोच्या भीषण आगीतून लॅपम वाचले होते, म्हणून एवढी दारं, असं सांगतात. मला ते पटतं. एकदा आगीत सापडलेला माणूस घर बांधताना आधी वाटा मोजणारच.

पुढे उद्योगपती हेन्री फ्लॅगलर यांची रेल्वे फ्लोरिडाचा किनारा धरून १८९६ला मायामीपर्यंत पोहोचली आणि पाहुणे आणखी दक्षिणेला निघून गेले. लॅपम यांचं घर टिकलं. १९७३मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला.