थेंब आयोडीनचे, घाई माणसाची

डोंगरातलं पाणी नितळ दिसतं. पण ओढ्याच्या वरच्या अंगाला एखादं जनावर मरून पडलेलं असेल, तर ते खाली ओंजळ भरणाऱ्याला कळणार कसं? म्हणून अनेक भटके सॅकच्या कप्प्यात आयोडीनची कुपी किंवा गोळ्या ठेवतात. वजन नगण्य, इंधन लागत नाही. अडचण एकच: थेंब टाकले की काम झालं, असं वाटतं.

१८११ साली बर्नार कूर्त्वा या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला समुद्री शैवालाच्या राखेत हे मूलद्रव्य सापडलं. त्याच्या रेणूवर विद्युतभार नसतो, त्यामुळे तो सूक्ष्मजीवाच्या आवरणातून सहज आत शिरतो आणि तिथली प्रथिनं बिघडवतो. पण या क्रियेला वेळ लागतो. किती लागेल, ते आयोडीनचं प्रमाण आणि पाण्याचं तापमान ठरवतं. दोन टक्क्यांच्या टिंक्चर आयोडीनचे लिटरभर स्वच्छ पाण्याला ५ थेंब, गढूळ असेल तर १० आणि मग निदान ३० मिनिटं थांबायचं, हा रूढ हिशोब. (जखमेवर लावायचं पोव्हिडोन आयोडीन वेगळं, त्याला हे थेंब लागू नाहीत.) बर्फाचं वितळलेलं पाणी असेल तर तासभर तरी जाऊ द्यावा. जिआर्डिया नावाचा एकपेशीय परजीवी कवचात दडून बसतो, त्याला थंड पाण्यात त्याहूनही जास्त वेळ लागतो. बाटली थोडा वेळ उन्हात ठेवून पाणी कोमट करून घेतलं, तर काम लवकर होतं.

गढूळपणाचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. माती आणि कुजलेला पाला आयोडीन स्वतःच खाऊन टाकतात, जंतूंच्या वाट्याला उरतंच थोडं. तेव्हा आधी पाणी निवळू द्यावं, घट्ट विणीच्या फडक्यातून गाळावं, मगच थेंब टाकावेत. आणखी एक बारीकशी गोष्ट बहुतेकजण विसरतात: झाकणाच्या आट्यांत कच्चं पाणी अडकलेलं असतं. थेंब टाकून बाटली हलवली की झाकण जरा सैल करून ती उलटी करावी, म्हणजे औषधी पाणी आट्यांमधून वाहून तोंडाची कडाही धुतली जाते.

चवीबद्दल तक्रार असतेच. क जीवनसत्त्वाची चिमूट टाकली की आयोडीनचं रूपांतर आयोडाइडमध्ये होतं. रंग जातो, चवही जाते. पण त्याबरोबर जंतू मारण्याची ताकदही जाते. त्यामुळे आंबट सरबताची पूड वेळ पुरी झाल्यावरच टाकायची, आधी अजिबात नाही.

क्रिप्टोस्पोरिडियम हा पाण्यातला दुसरा एक एकपेशीय परजीवी मात्र या साऱ्याला दाद देत नाही. त्याचं कवच नेहमीच्या मात्रेतल्या आयोडीनला जुमानत नाही. त्यासाठी एक मायक्रॉन किंवा त्याहून बारीक छिद्रांचा फिल्टर हवा, नाहीतर पाणी उकळायला हवं: खळखळून एक मिनिट, आणि २००० मीटरच्या वर तीन मिनिटं. कीटकनाशकं किंवा जड धातू मिसळलेल्या पाण्यावर तर आयोडीनचा काहीच उपयोग नाही.

शरीराची गरज रोज साधारण १५० मायक्रोग्रॅम. अशा पाण्याच्या लिटरमध्ये आयोडीन मिलिग्रॅममध्ये मोजावं लागतं. निरोगी माणसाचं थायरॉइड थोडे दिवस ते सांभाळून घेतं, पण महिनोन्‌महिने ही सवय नको. गरोदर स्त्रिया, थायरॉइडचे रुग्ण आणि आयोडीनचा त्रास होणाऱ्यांनी फिल्टर किंवा उकळणं हेच पर्याय धरावेत.