जनसंपर्क विषयाच्या पदवीसाठी प्रवेश: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाचा क्रम

बारावीनंतर जनसंपर्क शिकू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांच्या यादीत त्या नावाची स्वतंत्र पदवी शोधून सापडत नाही आणि तेथेच बहुतेकांचा पहिला गोंधळ होतो. या विद्यापीठात जनसंपर्काचा पदवीस्तरीय अभ्यास ‘बीएएमएमसी’, म्हणजे मल्टिमीडिया आणि मास कम्युनिकेशन या विषयातील बीए पदवीच्या अंतर्गत होतो. ही पदवी 2019-20 पूर्वी ‘बीएमएम’ या नावाने ओळखली जात असे आणि आजही पालक व महाविद्यालयांचे कर्मचारी बोलताना सर्रास तेच नाव घेतात. नाव बदलल्यानंतर लागू झालेल्या अभ्यासक्रमात ‘कॉर्पोरेट कम्युनिकेशन आणि जनसंपर्क’ हा विषय तिसऱ्या सत्रात होता, तर विशेषीकरणाची निवड शेवटच्या वर्षी जाहिरात आणि पत्रकारिता या दोन शाखांमधूनच करावी लागत असे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार श्रेयांकांची, म्हणजे क्रेडिट्सची, नवी रचना आल्यापासून विषयांची मांडणी बदलली असल्याने, अर्ज करण्यापूर्वी संबंधित महाविद्यालयाचा चालू अभ्यासक्रम मागवून जनसंपर्काला किती श्रेयांक आहेत हे पाहणे माहितीपुस्तकातील छायाचित्रे पाहण्यापेक्षा अधिक उपयोगाचे आहे.

पात्रतेची अट साधी आहे. कला, वाणिज्य किंवा विज्ञान यांपैकी कोणत्याही शाखेतून बारावी किंवा समकक्ष परीक्षा उत्तीर्ण झालेला विद्यार्थी अर्ज करू शकतो. व्यवस्थापन आणि संगणक उपयोजन या विषयांच्या बीएमएस, बीबीए व बीसीए पदव्यांसाठी 2024 पासून राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची परीक्षा सुरू झाल्यामुळे बीएएमएमसीलाही ती द्यावी लागेल असा समज पसरला आहे. परंतु ती परीक्षा या पदवीसाठी नाही आणि येथील प्रवेश प्रामुख्याने बारावीच्या गुणांवर दिले जातात. काही स्वायत्त महाविद्यालये मात्र स्वतःची चाचणी किंवा मुलाखत घेतात, म्हणून त्यांची सूचना वेगळी वाचावी.

अर्ज दोन टप्प्यांत होतो. निकालानंतर प्रथम विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्रवेशपूर्व नोंदणी करावी लागते आणि त्यानंतर ज्या ज्या महाविद्यालयात प्रवेश हवा असेल तेथे स्वतंत्र अर्ज भरावा लागतो. केवळ विद्यापीठाची नोंदणी केली म्हणजे कोणत्याही महाविद्यालयाच्या गुणवत्ता यादीत नाव येईल असे नाही; नोंदणीची छापील प्रत महाविद्यालयाच्या अर्जासोबत जोडावी लागते. यादीत नाव लागल्यावर कागदपत्रांची पडताळणी करून शुल्क भरण्यासाठी मोजकेच दिवस मिळतात. अल्पसंख्याक दर्जाच्या महाविद्यालयांमध्ये त्या समाजासाठी आणि त्याच संस्थेच्या कनिष्ठ महाविद्यालयातील विद्यार्थ्यांसाठी जागा राखीव असल्याने खुल्या यादीतील जागा प्रत्यक्षात अपेक्षेपेक्षा बऱ्याच कमी उरतात.

दहावी आणि बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड आणि छायाचित्रे ही कागदपत्रे सर्वांनाच लागतात. श्रेयांकांची नोंद ठेवणाऱ्या अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा बारा अंकी क्रमांकही आता मागितला जातो आणि तो डिजिलॉकरमधून काढता येतो. आधारवरील आणि गुणपत्रिकेवरील नावात फरक असेल तर हा क्रमांक काढतानाच अडथळा येतो, त्यामुळे ती दुरुस्ती निकालाची वाट न पाहता आधीच करून घ्यावी. राखीव प्रवर्गातून अर्ज करणाऱ्यांना जातीचा दाखला लागतो, तर विमुक्त जाती, भटक्या जमाती, इतर मागासवर्ग, विशेष मागासवर्ग तसेच सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागासवर्ग या प्रवर्गांसाठी त्यासोबत नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्रही आवश्यक असते. त्यावर छापलेली मुदत अवश्य तपासावी, कारण ती साधारणपणे 31 मार्चला संपते आणि प्रवेश त्यानंतर सुरू होतात. निकालाच्या दिवसांत असे दाखले काढण्यासाठी सेतू केंद्रांवर आणि आपले सरकार सेवा केंद्रांवर रांगा लागतात. शहाण्याने मार्च-एप्रिलमध्येच तयारीला लागावे. अन्य राज्याच्या मंडळातून आलेल्यांना स्थलांतर प्रमाणपत्र आणि विद्यापीठाचे पात्रता प्रमाणपत्र, तर मध्ये वर्ष गेलेल्यांना त्या खंडाचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते.

जनसंपर्क हाच मुख्य विषय हवा असेल तर खरा पर्याय पदव्युत्तर स्तरावर आहे. मुंबई विद्यापीठाच्या संज्ञापन आणि पत्रकारिता विभागात जनसंपर्क विषयात एमए करता येते, तर नवी दिल्लीच्या भारतीय जनसंचार संस्थेत जाहिरात आणि जनसंपर्क हा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम आहे. या संस्थेचे अमरावतीतही केंद्र आहे. मात्र तेथे मराठी पत्रकारिता शिकवली जाते, हा भेद अर्ज भरताना लक्षात ठेवावा. मुंबईतील एमए आणि दिल्लीतील पदविका या दोन्हींसाठी कोणत्याही शाखेचा पदवीधर पात्र ठरतो, त्यामुळे पदवी बीएएमएमसीचीच असली पाहिजे असे नाही आणि इतिहास किंवा अर्थशास्त्राच्या पदवीधरालाही हा मार्ग मोकळा आहे.