गाड्यांची रांग मोडू नका

"स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलांना खेळताच येत नाही, रांगा लावायची खोड मोडून काढा," हे ठाण्यातल्या सोसायट्यांमध्ये अजून सर्रास ऐकू येतं. ते चुकीचं आहे. 1943 साली बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी वस्तू फिरवण्या-मांडण्याची नोंद स्वमग्नतेचं (ऑटिझमचं) लक्षण म्हणून केली. पण लक्षण म्हणजे खोड नव्हे. गाड्या रांगेत लावणं, चाक डोळ्यांजवळ धरून फिरवणं हाही खेळच. त्यात मूल क्रम, रंग, गती न्याहाळतं, बरेचदा शांतही होतं. रांग विस्कटली की रडणं आलंच. त्यापेक्षा शेजारी जमिनीवर बसा, आपली वेगळी रांग लावा, प्रश्नांची सरबत्ती नको. त्याने एखादी गाडी तुमच्याकडे सरकवली, तर तेवढं पुष्कळ झालं! तलावपाळीसारख्या फिरायच्या ठिकाणी नेऊन इतर मुलांत ढकलायची घाई तर मुळीच नको. केवळ रांगेवरून ऑटिझम ठरतही नाही. बोलणं, हाकेला ओ देणं यांबद्दल शंका असेल तर मात्र बालविकासतज्ज्ञांना लगेच दाखवा.