चिखल काळा का असतो?

ओहोटीला चिखलात पाय घोट्यापर्यंत रुतला, सडक्या अंड्यांचा भपकारा आला, की ‘शी, किती प्रदूषण!’ असं तोंडून निघतंच. कधी ते खरंही असतं. पण सांडपाण्याचा थेंब न पोचलेला चिखलही असाच काळा असतो आणि असाच घाण वास मारतो.

काचेची रुंद नळी त्यात खुपसून अलगद वर काढा. वरची जेमतेम काही मिलिमीटरची पट्टी तपकिरी, खाली काळं कुळकुळीत. ऑक्सिजनची धाव तेवढ्या पट्टीपुरतीच. मेलेलं प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव), शेवाळ, नदीने आणलेला पालापाचोळा असा सेंद्रिय माल वरून सारखा पडत असतो आणि त्यावर तुटून पडलेले जिवाणू झिरपणारा ऑक्सिजन वरच्या वर संपवतात.

मग खालच्यांनी श्वास कशावर घ्यायचा? श्वसन म्हणजे अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन कुणाच्या तरी गळ्यात मारणं. ऑक्सिजन हे सगळ्यांत फायद्याचं गिऱ्हाईक. ते नसलं तर नायट्रेट, मग मँगनीजची आणि लोहाची ऑक्साइडं, शेवटी सल्फेट. दर पायरीला हाती पडणारी ऊर्जा घटत जाते. सल्फेटमधून मिळकत थोडी, पण साठा प्रचंड: लिटरभर समुद्राच्या पाण्यात सुमारे २८ मिलिमोल (मोल म्हणजे रेणू मोजायचं एकक). विरघळलेला ऑक्सिजन पाव मिलिमोलच्या आसपास, म्हणजे शंभरावा हिस्साही नाही. सल्फेटवर जगणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड सोडतात, वास त्याचा. तो लोहाशी जुळला की काळं आयर्न सल्फाइड. ढेकूळ उघड्यावर ठेवलंत तर हवेतल्या ऑक्सिजनने लोह गंजून तो रंग तपकिरीकडे झुकतो. (हाच काळा चिखल चेहऱ्याला फासून ‘शरीरातली विषं खेचली जातात’ म्हणणाऱ्यांनी कोणती विषं, तेही सांगावं.)

सगळंच काही खाल्लं जात नाही. बराचसा सेंद्रिय कार्बन चिकणमातीच्या कणांना चिकटून बसतो आणि जिवाणूंच्या विकरांना, म्हणजे अन्न फोडणाऱ्या एन्झाइमांना, सहज सापडत नाही.

मला सर्वांत भावतात ते ‘केबल जिवाणू’. डेन्मार्कमधल्या आर्हुस उपसागराच्या चिखलात ते सापडले. २०१२ साली ही बातमी प्रसिद्ध झाली. हजारो पेशी एकाला एक जोडून सेंटिमीटरभर लांब धागा. त्याचं खालचं टोक सल्फाइडमधून इलेक्ट्रॉन घेतं, वरचं टोक ते ऑक्सिजनला देतं, आणि मधून चक्क वीज वाहते. संशोधकांनी टंगस्टनची बारीक तार चिखलातून आडवी फिरवून धागे कापले, तेव्हा वरचा ऑक्सिजनचा खप लगेच घसरला.