अँड्रॉइडचा कोड खुला, पण कुठवर?

मोबाईल ॲप बनवणाऱ्याच्या हाताशी आज जी साधने असतात, त्यांतली बहुतेक ओपन सोर्स आहेत, म्हणजे त्यांचा मूळ कोड (सोर्स) कोणालाही पाहता-बदलता येतो. अँड्रॉइड ॲप लिहायचा अँड्रॉइड स्टुडिओ हा प्रोग्राम जेटब्रेन्स कंपनीच्या इंटेलिजे आयडियाच्या खुल्या आवृत्तीवर उभा आहे. कोटलिन ही भाषा आणि कोडपासून ॲप बांधणारे ग्रेडल हे साधन अपाचे परवान्याखाली मिळतात. अँड्रॉइड आणि आयफोनसाठी एकाच कोडवरून ॲप बनवणाऱ्या साधनांपैकी फ्लटर बीएसडीखाली, रिॲक्ट नेटिव्ह एमआयटीखाली. तरीही काल रात्री नीट झालेले बिल्ड (कोडपासून ॲप तयार करण्याचे काम) आज सकाळी अडते, आणि आपल्या कोडमध्ये तर एक अक्षरही बदललेले नसते. परवाना खुला असला तरी कोड प्रसिद्ध कधी करायचा, तो ठेवायचा कुठे आणि फोनवर चढू कोणाला द्यायचे, हे निर्णय वेगळ्याच हातांत राहिले. ते कसे, हे पाहायला २००७ पासून सुरुवात करावी लागते.

५ नोव्हेंबर २००७ रोजी गूगलने अँड्रॉइडसाठी ३४ कंपन्यांची ओपन हँडसेट अलायन्स ही युती जाहीर केली. आठवडाभरात एसडीकेची (ॲप लिहिण्याच्या साधनसंचाची) पहिली चाचणी आवृत्ती आली. २२ ऑक्टोबर २००८ ला अमेरिकेत टी-मोबाईल जी-१ हा पहिला अँड्रॉइड फोन विक्रीला आला, त्याच्या आदल्या दिवशी सोर्स कोड खुला झाला. खालचे लिनक्स कर्नल (यंत्रणेचा गाभा) जीपीएल २ परवान्याखाली, तर वरचा बहुतेक भाग अपाचे २.० खाली. यामागे हिशेब होता. जीपीएलमध्ये तुम्ही केलेले बदल, ज्याला ते सॉफ्टवेअर दिले त्याला सोर्ससकट द्यावे लागतात. अपाचेमध्ये ती सक्ती नाही, म्हणून फोन बनवणाऱ्या कंपन्यांना आपापले बदल झाकून ठेवता आले. याच कारणाने जीपीएलच्याच कुळातली जीएनयूची सी लायब्ररी (तयार कोडचा संच) टाळून बायोनिक ही वेगळी लायब्ररी लिहिली गेली. ही मोकळीक नसती तर इतक्या कंपन्या इतक्या लवकर आल्या नसत्या, असेच वाटते. त्याच काळात ओपनमोको या खुल्या प्रकल्पाच्या फोनची तर बाहेरच्या कवचाची रेखाटनेसुद्धा खुली होती, पण तो बाजारात टिकला नाही. सिंबियन या दुसऱ्या फोन-प्रणालीचा कोड फेब्रुवारी २०१० मध्ये खुला झाला आणि वर्ष संपता संपता त्यामागच्या फाउंडेशनने गाशा गुंडाळला.

खुल्या कोडची सीमा पहिल्यांदा स्पष्ट दिसली ती सप्टेंबर २००९ मध्ये. स्टीव्ह कोंडिक यांची सायनोजेनमॉड ही रॉम (फोनवर टाकायची बदललेली अँड्रॉइड प्रणाली) तेव्हा जी-१ वर लोकप्रिय होती. गूगलने त्यांना कायदेशीर पत्र धाडले. हरकत अँड्रॉइडच्या कोडला नव्हती. रॉमसोबत वाटल्या जाणाऱ्या जीमेल, मॅप्स, यूट्यूब आणि मार्केट (आजचे प्ले स्टोअर) या ॲपना होती, कारण ती खुली नव्हती. तेव्हापासून गूगलची ॲप वेगळ्या झिपमधून टाकायची पद्धत पडली. सायनोजेन कंपनीने डिसेंबर २०१६ मध्ये सेवा बंद केल्यावर उभ्या राहिलेल्या लाइनेजओएसमध्येही तीच पद्धत आहे. ही झिप रॉम टाकल्यावर, फोन पहिल्यांदा सुरू होण्याआधी, रिकव्हरी या फोनच्या दुरुस्तीच्या मोडमधूनच टाकायची. फोन एकदा सुरू करून मग टाकली तर परवानग्या जुळत नाहीत आणि प्ले सर्व्हिसेस (इतर ॲपना गूगलच्या सोयी पुरवणारे ॲप) वारंवार बंद पडत राहते. अँड्रॉइडची आवृत्ती आणि प्रोसेसरचा प्रकार, दोन्ही जुळले पाहिजेत.

डेव्हलपरला याची खरी झळ बसते ती इथे: २०१२ पासून पुश नोटिफिकेशन, नकाशे, लोकेशन अशा सोयी एकेक करून प्ले सर्व्हिसेसमध्ये गेल्या, आणि प्ले सर्व्हिसेस खुली नाही. गूगलच्या फायरबेस सेवेच्या पुशवर बेतलेले ॲप नुसत्या एओएसपी (अँड्रॉइड ओपन सोर्स प्रोजेक्ट, म्हणजे गूगलच्या ॲपविना फक्त खुला कोड) फोनवर उघडते, पण सूचना येत नाहीत. मायक्रोजी हा खुला पर्याय बरेचसे भागवतो, सगळे नाही.

कोड कधी मिळणार हेही गूगलच ठरवत आले. २०११ मध्ये टॅबलेटसाठीची हनीकोंब आवृत्ती बाजारात आली तरी तिचा सोर्स रोखून धरला होता. तो त्या वर्षअखेरीस आइस्क्रीम सँडविचबरोबरच बाहेर पडला. ऑगस्ट २०१३ मध्ये एओएसपीची धुरा वाहणारे जाँ-बातिस्त केरू यांनी ते काम सोडले, कारण गूगलच्याच नेक्सस ७ च्या ग्राफिक्स चिपसाठी लागणाऱ्या बंद फाइल्स त्यांना देता येत नव्हत्या. अशा फाइल्स नसल्या तर सोर्सवरून बांधलेली रॉम फोनवर धड चालत नाही. शिवाय आज एओएसपी बांधायला गूगल ४०० जीबी मोकळी डिस्क आणि ६४ जीबी रॅम मागते. १६ जीबीच्या मशीनवर बिल्ड अर्ध्यात मरते आणि लॉगमध्ये नुसते ‘किल्ड’ दिसते. समांतर कामांची संख्या कमी करून स्वॅप (रॅम कमी पडल्यावर वापरायची डिस्कवरची जागा) वाढवला तर निभते, फक्त वेळ फार लागतो.

ग्रेडल इंटरनेटवरच्या ज्या कोठारांतून लायब्ररी आणतो, त्यांची गोष्ट याहून जवळची. अँड्रॉइड स्टुडिओच्या नव्या प्रोजेक्टमध्ये अनेक वर्षे जेसेंटर हे कोठार आपोआप लिहिलेले असे. फेब्रुवारी २०२१ मध्ये जेसेंटर चालवणाऱ्या जेफ्रॉग कंपनीने आपली बिनट्रे सेवा १ मे रोजी बंद करण्याचे जाहीर केले आणि जेसेंटर फक्त वाचण्यापुरते उरले. ज्यांचे लेखक केव्हाच निघून गेले होते, त्या लायब्ररी मेव्हन सेंट्रल या दुसऱ्या कोठारावर आल्याच नाहीत. जुना प्रोजेक्ट हाती आला तर आधी जेसेंटरची ओळ काढा, गूगल आणि मेव्हन सेंट्रल ठेवा, मग ग्रेडलचे डिपेंडन्सीज टास्क चालवून काय सापडत नाही ते पाहा. एक खोच लक्षात ठेवा. ग्रेडल कोठारे लिहिलेल्या क्रमाने तपासतो. ‘सापडले नाही’ असे उत्तर आले तर तो पुढे जातो, पण सर्व्हरच कोलमडला असेल तर तिथेच थांबतो. म्हणून लायब्ररी दुसऱ्या कोठारात असूनही बिल्ड पडते.

४ नोव्हेंबर २०२२ ला रिॲक्ट नेटिव्ह वापरणाऱ्यांची अँड्रॉइड बिल्ड्स जगभर एकाच वेळी अडली. तोवर तिचा अँड्रॉइडचा भाग एनपीएम (जावास्क्रिप्टच्या कोठारातल्या) पॅकेजच्या आतच येत असे आणि ॲपच्या बिल्ड फाइलमध्ये आवृत्तीच्या जागी नुसते अधिकचिन्ह असे. त्या दिवशी ०.७१ ची चाचणी आवृत्ती मेव्हन सेंट्रलवर चढली. अधिकचिन्हाचा अर्थ सर्वांत वरची आवृत्ती, त्यामुळे ग्रेडलने पॅकेजमधली जुनी सोडून इंटरनेटवरची नवी उचलली. जावास्क्रिप्ट जुनी आणि अँड्रॉइडचा भाग नवा, असे कडबोळे झाले. रिॲक्ट नेटिव्हच्या टीमने ०.६३ पासूनच्या आवृत्त्यांना दुरुस्त्या दिल्या. तातडीचा इलाज म्हणजे रिॲक्ट नेटिव्हच्या लायब्ररींचा गट फक्त पॅकेजमधल्या फोल्डरातूनच घ्यावा असे ग्रेडलला बजावणे. आवृत्ती नेमकी लिहिणे आणि लॉक फाइल (वापरलेल्या नेमक्या आवृत्त्यांची यादी) कोडबरोबर जपणे ही कायमची सवय हवी.

मार्च २०२५ अखेरीस गूगलने अँड्रॉइडचा विकास पूर्णपणे आपल्या अंतर्गत शाखेत नेला. बाहेरच्यांना सोर्स मिळतो तो आवृत्ती प्रसिद्ध झाल्यावर. जूनमध्ये अँड्रॉइड १६ चा कोड आला, पण पिक्सेल फोनसाठीच्या जोडफाइल्स त्यात नव्हत्या, त्यामुळे रॉम बनवणाऱ्यांचे काम बरेच वाढले. ऑगस्टमध्ये आणखी एक घोषणा झाली: प्ले स्टोअरबाहेरून येणाऱ्या ॲपच्या डेव्हलपरनेही गूगलकडे ओळख पटवावी, सुरुवात सप्टेंबर २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडपासून. याला एफ-ड्रॉइडचा कडाडून विरोध आहे. हे २०१० पासूनचे खुल्या ॲपचे भांडार सोर्सवरून स्वतः बिल्ड करते आणि बहुतेक ॲपवर स्वतःच्या किल्लीने डिजिटल सही करते. ॲपचे नाव आणि सहीची किल्ली यांची गूगलकडे नोंद सक्तीची झाली तर दुसऱ्याने लिहिलेल्या ॲपची नोंद आपण कोणत्या हक्काने करायची, हा त्यांचा सवाल आहे. संगणकाला केबल जोडून एडीबी या डेव्हलपरच्या साधनाने ॲप टाकण्याची वाट मात्र गूगलने खुली ठेवली आहे.