आमरस की सीकरणी? बेळगावच्या ताटातला आंबा आला कुठनं

एप्रिल-मेत बेळगावच्या मार्केटात गेलं की पहिला प्रश्न ठरलेला, "रत्नागिरी देऊ की धारवाड?" आणि दोन्ही विकणारे आपलाच खरा हापूस म्हणून शपथा घेणार. मुळात गेलं तर दोघांचंही माहेर घाटाखाली, गोव्यात. 1510 ला पोर्तुगीज सेनापती आल्बुकर्कनं गोवा घेतला, त्याच्या आफोन्सो नावावरनंच हापूस झालं असं मानतात. आंबा काय पोर्तुगीजांनी आणला नाही हां, तो इथलाच, हजारो वर्षांचा. त्यांनी कलमं बांधायला जोर लावला. कोय पेरली तर झाड आईच्या चवीचं निघेल याची गॅरंटी नाही, कलमाचं तसं नाही, त्यामुळं एकसारखा आंबा पेटीत भरून विकणं जमायला लागलं. 2018 ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तो कोकणातल्या 5 जिल्ह्यांच्या हापूसला, म्हणजे धारवाडकडचा कितीही गोड असो, रत्नागिरीच्या नावानं विकायचा नाही.

रोजच्या जेवणात मात्र राज्य रायवळचं. कोयीचं झाड, प्रत्येकाची चव निराळी, धागे दातात अडकणार, म्हणून चोखून खायचा नाहीतर आख्खाच सासवात, म्हणजे मोहरी-खोबऱ्याच्या वाटणात, घालायचा. कैरीचा मेथांबा मराठी घरात, तर शेजारच्या कन्नड घरात माविनकाई चित्रान्न, म्हणजे कैरी घातलेला फोडणीचा भात, आणि वर्षानुवर्षं डबे इकडनं तिकडं गेल्यामुळं आता कुठलं कुणाचं ते सांगता येत नाही. लहानपणी शेजारच्या अक्कांनी "सीकरणी खायला ये" म्हटलं की मी केळ्याचं शिकरण समजून कंटाळत जायचे आणि वाटीत निघायचा वेलदोडा घातलेला आमरस!

तब्येतीचं बोलणंही जुनंच. चरकसंहितेत कोवळी कैरी पित्त वाढवते आणि पिकलेला आंबा वात कमी करून बळ देतो असं आहे. आंबे पाण्यात टाकून ठेवायचे ते उष्णता जाते म्हणून असं घरोघरी सांगतात, मला विचाराल तर खरं काम देठाजवळचा चीक धुऊन निघायचं, त्यानंच ओठाला फोड येतात. रसावर तूप मात्र शहाणपणाचं, कारण आंब्यातलं कॅरोटीन स्निग्ध पदार्थाबरोबर नीट अंगी लागतं. 100 ग्रॅम गरात साधारण 60 कॅलरी, 36 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व, पण साखरही 14 ग्रॅमच्या आसपास, तेव्हा शुगरवाल्यांनी पोळीबरोबर वाटीवर वाटी नको. पन्ह्याचं गणित सरळ आहे, घामातनं गेलेलं पाणी आणि मीठ परत मिळतं. कैरी उकडताना थोडं क जीवनसत्त्व जातं, चालायचंच.

पूर्वी गवतात अढी घालायचे, रोज उलटून पिकतील तसे काढायचे. मग झटपट पिकवायला कार्बाइडची पुडी आली. त्यात आर्सेनिक, फॉस्फरसचा अंश असू शकतो म्हणून 2011 च्या अन्नसुरक्षा नियमांत त्याला बंदी आहे, इथिलीन गॅस ठरल्या प्रमाणात चालतो. तरी आख्खी पेटी एकाच दिवशी पिवळीधम्मक झालेली आणि देठाशी वासच नाही असं दिसलं की मी तरी पुढच्या गाड्यावर जाते.